कडेचा अर्धा इंच

औरंगाबादच्या फोटो लॅबवाल्यानं कागदावर ठळक लिहून दिलं होतं : पानाच्या चारी बाजूंनी अर्धा इंच मोकळा सोडा, कटिंगमध्ये तेवढा जातो. घाटनांदूरच्या मन्मथ फोटोग्राफरनं तो कागद कॉम्प्युटरशेजारी चिकटवलासुद्धा. पण वाचतो कोण? नवा कॉम्प्युटर, नवा डिजिटल कॅमेरा, दोन हजार सातचा मे महिना आणि लग्नांची ही झुंबड! गडी हवेतच होता.

मनिषाच्या लग्नाचा अल्बम त्यानं असाच उरकला. घरादाराचा एकत्र फोटो पानभर ताणला, अगदी काठाला काठ भिडवून. सीडी एसटीनं औरंगाबादला धाडली. अल्बम छापून आला, तो तसाच मनिषाच्या सासरी, माजलगावला पोचता केला. उघडून बघायची तसदी घेतली नाही शहाण्यानं.

त्या फोटोत उजव्या टोकाला मनिषाची आई होती, भिवराबाई. विधवा बाई. पोरीचं लग्न एकटीनं राबून लावलं, पण कॅमेरा दिसला की मागं सरायची. या एका फोटोला मनिषानं हाताला धरून ओढून आणलं, तरी बाई सगळ्यांपासून हातभर लांबच.

"मावशी, जरा आत सरका," मन्मथ म्हणाला होता.

"बरी हाय मी हितं."

आणि कटिंगमध्ये नेमकं तिचंच तोंड गेलं. उरला नुसता खांदा नि पदर.

श्रावणात भिवराबाई लेकीकडं गेली, तेव्हा पाव्हण्यांसमोर तो अल्बम उघडला. आपल्या जागी नुसता पदर बघितला तिनं. परतताना एसटीतून उतरली ती तडक स्टुडिओत शिरली.

"खरं सांग मन्मथ. व्याह्यांनीच सांगितलं न्हवं, पांढऱ्या कपाळाची बाई फोटोत नको म्हणून?"

समोर पुढच्या लग्नाची ऑर्डर घेऊन गिऱ्हाईक बसलेलं. चूक कबूल केली तर ऑर्डर जाणार, गावात बोभाटा होणार. मन्मथनं तोंडात मिठाची गुळणी धरली. भिवराबाईला त्यातच उत्तर मिळालं. ती उलट्या पावली निघून गेली, अन् आपल्यापायी लेकीला सासरी बोल नको म्हणून त्या दिवसापासून तिनं तिचा फोन घेणं बंद केलं.

मन्मथला हे सगळं गावातून कळत होतं बरं का! आज सांगू, उद्या सांगू करत पाच महिने काढले त्यानं.

जानेवारीत मनिषाचं डोहाळजेवण निघालं आणि फोटोला बोलावणं कुणाला? मन्मथलाच. अल्बम फार आवडला म्हणे सासरच्यांना! हिरव्या साडीतली मनिषा फोटोपुरती हसायची, की लगेच दाराकडं बघायची. शेवटी तिनंच त्याला बाजूला घेतलं.

"दादा, आई बरी हाय ना? फोन घेईना झालीय. माझं काय चुकलं ओ?"

मन्मथनं कॅमेरा पिशवीत भरला आणि परतीची एसटी धरली. आपण माणूस आहोत का कोण, असं त्याला झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मूळ फाइल काढली, चारी बाजू मोकळ्या सोडल्या, प्रिंट काढला आणि भिवराबाईचं दार गाठलं.

"मावशी, तुमाला कुणीच कापाया सांगितलं न्हाई. माझी चूक हाय. त्या दिवशी मी भ्यालो, गप बसलो."

भिवराबाईनं प्रिंट हातात घेतला. आपलं तोंड बघितलं, लेकीचं बघितलं.

"लाव फोन," ती म्हणाली. "आदी तू सांग तिला."

त्यानं मोबाइल लावला. पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"म्हंजे... आई माझ्यावर रागावली न्हवती?" मनिषा रडायला लागली. "काल सगळ्यांनी ओटी भरली दादा. मी म्हणत होते, थांबा जरा, येईल ती. संध्याकाळपर्यंत थांबवलं मी सगळ्यांना."

फोनमधला आवाज भिवराबाईच्या कानावर गेला होता. तिनं मन्मथच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला आणि लेकीशी बोलून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं.

"मावशी, मला माफ करा," मन्मथ म्हणाला.

"तू तुजा फोटो नीट केलास बाबा," ती म्हणाली. "माझ्या लेकीचा कालचा दिवस कसा नीट करशील?"