मागच्या सिलिंडरचा कॅम

बिबवेवाडीत बाबुराव आणि श्याम यांचं भागीदारीतलं गॅरेज होतं. माझी रिक्षा त्यांच्या दारात लागायची. तिथं सावली असायची, आणि दोघांपैकी एक तरी बोलायच्या मनःस्थितीत असायचा.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला काही मोटारसायकली कायम उभ्या असत. कुणाचं हँडल वाकडं, कुणाची टाकी चेपलेली. त्या दुरुस्तीला आलेल्या नव्हत्या. अपघातानंतर घरच्यांनी आणून लावल्या आणि न्यायला पुन्हा कुणी आलं नाही. खराडी-हिंजवडीकडे कंपन्या आल्या, तरुण पोरांच्या हातात मोठ्या गाड्या आल्या, तशी ती रांग वाढली. श्याम म्हणायचा, "भंगारात देऊन टाकू." बाबुराव म्हणायचे, "राहू दे. जागा आपलीच आहे."

बाबुरावांचा मुलगा प्रज्ञेश खराडीच्या एका कंपनीत होता. कंपनीनं त्याला काही दिवस अमेरिकेला पाठवलं. तिथून तो मोठ्या मोटारसायकलीचं वेड घेऊन आला. कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवारात पडून असलेली जुनी विलायती गाडी त्यानं शोधली आणि टेम्पोत घालून थेट वडिलांच्या गॅरेजात आणली. तिला दोन सिलिंडर, इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे बसवलेले. अशा गाडीचा आवाज सरळ नसतो. दोन ठोके, मग जरा थांबल्यासारखं, पुन्हा दोन ठोके. लंगडा माणूस जिना चढावा तसा. त्या आवाजासाठीच लोक वेडे होतात म्हणे.

बाबुरावांनी इंजिन खोललं आणि ते खोललेलंच राहिलं. कधी स्प्रिंग आली नाही, कधी गॅस्केट बरोबर नाही. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पावसाळा आला.

"एवढं अवघड आहे का काम?" मी एकदा श्यामला विचारलं.

"अवघड कसलं, तात्या. पोरगं त्या गाडीवर बसू नये म्हणून बाप इंजिन मिटवत नाही."

त्यात ते कॅम आले. कॅम म्हणजे उंचवटे असलेला लोखंडी दांडा. तो फिरतो तसा इंजिनाचा व्हॉल्व उघडतो आणि मिटतो. या गाडीत दोन, पुढच्या सिलिंडरला एक, मागच्याला एक. प्रज्ञेशनं शर्यतीच्या गाड्यांसाठी बनवलेली, कुणीतरी वापरलेली जोडी बाहेरून मागवली होती.

"बाबा, यानं पॉवर वाढते."

"वाढते ना. व्हॉल्व जास्त खाली उतरतो. तेव्हा पिस्टन वर आलेला असला तर?"

"मग पिस्टन थोडा कापा."

"बघू," बाबुराव म्हणाले.

"हे 'बघू' मी पहिलीत असल्यापासून ऐकतोय," प्रज्ञेश मला म्हणाला. हसतच म्हणाला, पण पुढचे दोन महिने गॅरेजकडे फिरकला नाही.

बाबुरावांनी त्या शर्यतीच्या जोडीवर लाल खडूनं फुल्या मारल्या, म्हणजे ती बसवायची नाही. चारही कॅम एका ट्रेमध्ये ठेवले. मग दसरा आला आणि ते दरवर्षीप्रमाणे नागपूरला, दीक्षाभूमीला गेले.

श्यामकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्याच्या वडिलांपासूनचा नेम असा की पूजेच्या वेळी गॅरेजात एकही यंत्र उघडं पडलेलं नको. जे खोललंय ते मिटवायचं, मग हळदकुंकू. त्याची बायको आनंदी आदल्या दिवसापासून धुवायला बसायची. पाने, पकडी, सुटे भाग, सगळं रॉकेलमध्ये घासून लख्ख. त्या वर्षीही तिनं धुतलं. नवमीला सकाळी गॅरेजात उघडं असं एकच इंजिन उरलं होतं.

श्याम त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसला. ट्रेमधले कॅम एकेक करून उजेडात धरले. पुढच्यासाठी दोन होते, मागच्यासाठी दोन. त्यानं दोन्हीकडचा कमी झिजलेला उचलला आणि बसवला.

"बाबुरावांना विचारायचं नाही?" मी म्हटलं.

"विचारलं तर म्हणतील बघू."

दुपारी इंजिन मिटलं, संध्याकाळी पूजा झाली. दसऱ्याला प्रज्ञेश आला. श्यामनं गाडीला झेंडूचा हार घातला. पहिल्या किकला नाही, पण तिसऱ्या-चौथ्याला ती बोलली. दोन ठोके, थांबणं, दोन ठोके. गल्लीतली माणसं बाहेर आली. प्रज्ञेश श्यामच्या पाया पडला आणि रहदारीतून सावकाश, दोन्ही पाय टेकवत, वाघोलीला आपल्या फ्लॅटवर गाडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबुराव स्टेशनवरून थेट गॅरेजवर आले. अंगात पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "कुठंय?"

"ज्याची होती तो घेऊन गेला," श्याम म्हणाला. "हार घालून दिली. तुमच्या वाटणीचा पेढा डब्यात आहे."

बाबुरावांनी पिशवी ठेवली नाही. ट्रेपाशी गेले. उरलेले दोन कॅम हातात घेतले, एक ठेवला, दुसरा घेतला, पुन्हा पहिला घेतला.

"श्याम, हा पुढचा, प्रज्ञेशच्या जोडीतला. हा मागचा, गाडीचा मूळचा. म्हणजे गाडीत पुढं मूळचा आहे आणि मागं शर्यतीचा."

"आलं. स्प्रिंग झाली, गॅस्केट झालं, आज कॅम आला," श्याम माझ्याकडे बघून म्हणाला.

"मोज."

"बाबुराव, वर्षभर मी..."

"तू मोज. मी हात लावत नाही."

श्यामनं कॅलिपर घेतलं. एका कॅमचा उंचवटा मोजला, दुसऱ्याचा मोजला. मग पुन्हा पहिल्याचा. मग त्यानं कॅलिपर पुसून डबीत ठेवलं. एरवी तो ते टेबलावरच टाकतो.

"लाल फुली होती यावर," बाबुराव म्हणाले.

"फुली नव्हती. देवाशपथ नव्हती."

"भाऊजी, खडू मी धुतला," आनंदी आतल्या दारातून म्हणाली. "मला वाटलं, डाग आहेत."

मीच विचारलं, "पण गाडी तर चालली. मी बघितली की."

"गर्दीत चालणारच," बाबुराव म्हणाले. "मोकळ्या रस्त्यावर पळवली की व्हॉल्वच्या स्प्रिंगला तेवढ्या वेगानं मागं येता येत नाही. व्हॉल्व खालीच, तोवर पिस्टन वर. आदळला की इंजिन जागच्या जागी अडकतं. त्याच्याबरोबर मागचं चाक."

"आवाजावरून नाही कळणार?"

"तिचा आवाज मुळात लंगडा. काय कळणार?"

त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे दहा-बारा गाड्या एकदम गुरगुरत होत्या.

"बाबा, पोचलात? आम्ही वाघोलीतच आहोत. ऑफिसचा ग्रुप आहे, नाश्ता झाला की निघतोय. नगरपर्यंत. कल्याणी पण आहे मागे." कल्याणी म्हणजे त्याची बायको.

"गाडी चालू करू नकोस. कॅम चुकीचा बसलाय."

पलीकडे तो हसला. "मी म्हणतच होतो कल्याणीला, बाबा आले की फोन येईल."

"प्रज्ञेश, ऐक."

"बाबा, प्रवास करून आलात. आंघोळ करा, झोपा. संध्याकाळी येतो."

श्यामनं फोन ओढून घेतला. "अरे, खरंच चुकलंय. मीच बसवलाय चुकीचा."

"श्यामकाका, कालपर्यंत तुम्ही माझ्या बाजूला होतात," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर नुसतीच घंटी.

मी रिक्षा काढली.

रविवार असूनही मार्केट यार्डापाशी टेम्पो अडलेले. गोळीबार मैदान, मग कॅम्प, मग येरवडा. मागं श्याम एकसारखा नंबर लावत होता. बाबुराव पुढं वाकून माझ्या खांद्यावरून रस्ता बघत होते. त्यांच्या हातात ते दोन कॅम तसेच होते. नगर रोडला लागलो तशी मागून एक रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली. लोकांनी वाट दिली. तिच्या पाठी लागलो असतो तर तीन-चार सिग्नल फुकट निघाले असते. माझा धीर झाला नाही. ती खराडी ओलांडून सरळ वाघोलीकडेच गेली. श्यामनं नंबर लावणं थांबवलं.

वाघोलीत एका हॉटेलसमोर गाड्यांची रांग दिसली. बहुतेकांची हेल्मेटं चढली होती. प्रज्ञेशची गाडी सर्वांत पुढं, चालू. कल्याणी मागं बसून हातमोजा ओढत होती. मी थांबायच्या आत बाबुराव उतरले.

"उतर."

"बाबा, लोक बघतायत."

"बघू देत. कल्याणी, तू उतर आधी, बाळा."

ती उतरली. मग तोही उतरला. हेल्मेट काढलं नाही, फक्त काच वर केली. "दोन मिनिटं. दाखवा काय बिघडलंय ते."

बाबुरावांनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली. मागचं चाक जमिनीपासून सुटलं. त्यांनी गिअर टाकला, चाक हवेत फिरायला लागलं. मग त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. मला वाटलं, आवाज ऐकवून सोडतील. त्यांनी सोडला नाही. पिळत गेले. लंगडे ठोके एकमेकांत मिसळले, गाडी स्टँडवर थरथरायला लागली, लोकांनी कानांवर हात ठेवले. प्रज्ञेश पुढं झाला तेवढ्यात मागच्या सिलिंडरमधून कडाड असा आवाज आला, आणि हवेत फिरणारं चाक जागेवर बसलं. गाडी एक हिसका देऊन गप्प झाली. खाली तेल गळायला लागलं.

"हे रस्त्यावर झालं असतं," बाबुराव म्हणाले.

प्रज्ञेशनं हेल्मेट काढलं.

"एवढं पिळलं तर कुठलंही इंजिन फुटेल, बाबा."

"नाही रे," श्याम म्हणाला. "मी मोजलंय. हे बघ, हे दोन..."

"तुम्ही दोघं मिळून आलात. तात्यांनाही आणलंत. घरी बोलला असतात तरी चाललं असतं, एवढ्या लांब यायची गरज नव्हती." तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "मागच्या महिन्यात शोरूममध्ये एक चालवून बघितली मी. हिच्यासाठी थांबलो. म्हटलं, बाबांच्या हातची असावी. आता नवीच घेतो. तिचं इंजिन तुम्ही उघडायचं नाही. वॉरंटी जाते."

बाबुरावांनी तळहाताचं तेल सदऱ्याला पुसलं. "किती पळते ती?"

"हिच्या दुप्पट."

बाबुरावांनी मान हलवली.

ग्रुपमधल्या एका पोरानं मागची सीट थोपटली. "चल, बस माझ्या मागे." प्रज्ञेशनं कल्याणीकडे बघितलं. ती म्हणाली, "मी बाबांबरोबर जाते." तो त्या गाडीवर जाऊन बसला. हेल्मेटचा पट्टा लावला नव्हता. बाबुराव दोन पावलं पुढं गेले आणि हनुवटीखाली हात नेऊन पट्टा लावायची खूण केली. तो दुसरीकडे बघत होता.

वाघोलीच्या पुढं तेव्हा रस्ता मोकळा असायचा. सगळे एकदम पळवत निघाले.