खळखळून विसळलेली बाटली

धाकट्या बहिणीने स्वयंपाकघरातला नळ सोडला आणि कमरेवर हात ठेवून ती बाजूला झाली.

"घे ताई. एकदाचं तुझ्या डोळ्यांदेखत होऊन जाऊ दे."

ताईचं डोकं केव्हाच फिरलं होतं. गावाचं पिण्याचं पाणी तपासणारी प्रयोगशाळा तिच्या हाताखाली. या गल्लीत मुलांची पोटं बिघडायला लागल्यापासून तिने इथल्या नळांचे नमुने पुन्हा पुन्हा तपासले होते. एकातही जंतू सापडला नव्हता. तरी बायकांचं आपलं पालुपद चालूच, पाणी खराब! शेवटी नमुने गोळा करणाऱ्या काकांना घेऊन ती स्वतःच तणतणत आली होती.

"मुलं बाहेर काहीबाही खाणार आणि खापर फुटणार माझ्या पाण्यावर!"

काकांनी पिशवीतून निर्जंतुक केलेली बाटली काढली, नळाखाली धरली, खळखळून विसळली, ओतून दिली आणि पुन्हा विसळली.

"काका! हे काय करताय?"

"धुतोय, मॅडम. तळाशी पांढरी भुकटी राहते. तुमच्याकडची पोरं नीट धूतच नाहीत."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. ती भुकटी मुद्दाम घातलेली असते. पाणी बाटलीत पडल्या पडल्या ती त्यातल्या क्लोरीनचं काम थांबवते. ती धुऊन टाकली, की प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतं आणि हाती येतं ते निर्मळ पाणी. नळाला काय येतं, ते देव जाणे.

"धुवायची नसते ती! कुणी सांगितलं तुम्हाला धुवायला?"

"सांगायला कशाला हवं?" काका दुखावले. "आजवर एक बाटली घाणेरडी दिली नाही मी."

आजवरच्या सगळ्या बाटल्या ताईच्या डोळ्यांपुढून गेल्या.

बहिणीला यातलं काहीच उमगलं नव्हतं. ताईचा पडलेला चेहरा पाहून ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ दे गं, नको चिडू. बायका बोलतात, पण ऐकतात माझं. पाणी उकळून पीत होत्या सगळ्या. मी म्हटलं, माझी ताई तपासते, उगाच गॅस जाळू नका. सोडलं सगळ्यांनी."

"सगळ्यांनी?"

"अख्ख्या गल्लीने. आमच्याकडे तर सगळ्यांत आधी."

ताईने नळ बंद केला. "मोठं पातेलं चढव," एवढंच बोलून ती बाहेर पडली आणि शेजारच्या दाराची कडी वाजवू लागली.