वामनरावांची बिनशिवणीची घोंगडी

मित्रांनो, तेलंगणाच्या सीमेवरच्या वांकिडीजवळ एका घरात पत्र्याच्या पेटीत घडी होऊन पडलेली जुनी काळी घोंगडी मी. ज्या मेंढ्यांची लोकर माझ्यात आहे, त्यांतल्या एकीनं वाघाला नदीपार पिटाळलं होतं. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा. पुढचं मात्र खरं आहे आणि ते सांगताना मला गंमत सुचत नाही.

इतर घोंगड्या दोन पट्ट्या जोडून शिवतात. धनगरानं मला अखंड विणलं, चिंचोक्याची खळ दिली आणि वामनरावांच्या खांद्यावर टाकलं. वामनराव गावोगाव ख्रिस्ताचं वचन सांगत फिरत. त्यांची बायको बयनाबाई हिला वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून सगळं पाठ होतं.

वामनराव सांगत, "येशूच्या जन्माच्या कितीतरी आधी लिवून ठेवलं होतं का त्याचे कपडे वाटून घेतील, झग्यावर चिठ्ठ्या टाकतील. क्रुसापाशी तसंच झालं. मंजे आपलं दुःख देवाले आधीपासून ठाऊक हाय." त्याचा झगाही बिनशिवणीचा होता म्हणे. हे ऐकून, कॉलर नसताना माझी कॉलर ताठ व्हायची.

निजामाचं राज्य बुडायच्या दिवसांत रानात टोळ्या फिरू लागल्या. एका टोळीनं वामनरावांना खबऱ्या समजून वाटेत गाठलं. बेदम मारलं, सदरा-धोतर वाटून घेतलं. मला फाडायला सुरी काढली, तर एक जण म्हणाला, "अख्खी चांगली हाय, काऊन फाडता? धांडे ओढा."

ज्वारीच्या धांड्याचे तुकडे मुठीत धरले गेले; ज्याला लांब तुकडा, त्याची घोंगडी. लांब तुकडा डोमाजीच्या हाती आला. तो वामनरावांच्याच गावचा, ओझी वाहायला धरून नेलेला. वामनरावांचे डोळे तोवर उघडे होते, मग कायमचे मिटले.

दुसऱ्या दिवशी गावानं त्यांना पुरलं. कोल्ही उकरतात म्हणून ताज्या मातीवर दगड आणि बाभळीचे काटे रचायची आमच्याकडे रीत. ते रचून होतात तोच डोमाजी टोळीतून पळून आला.

"ही घ्या, वैनी. अंगावर घेतली का वामनराव पाहून राह्यले असं वाटते."

"तुले कशी भेटली?"

डोमाजीनं खाली मान घालून धांड्यांची गोष्ट सांगितली. बयनाबाईचं रडणं थांबलं. "कपडे वाटले. घोंगडीवर धांडे ओढले. समदं तसंच झालं," ती म्हणाली. "काढा ते दगड. तिसऱ्या दिवशी येशूवानी मालक उठतीन, तवा वर कसे येतीन?"

लोक समजावून थकले. तिनं स्वतःच्या हातांनी काटे ओढून काढले. हात रक्ताळले. मग मला पांघरून ती मातीपाशी बसली. डोमाजी निघाला, तर म्हणाली, "तू बस. ते उठले का त्याइच्याच हाती दे."

मित्रांनो, डोमाजी बसला. अंधार पडला की कोल्ही जवळ यायची, तो ढेकळं मारायचा. ती येऊ नयेत म्हणून तो देवाला विनवत होता आणि वामनराव उठू नयेत म्हणूनही. तो थंडीनं कुडकुडायला लागला, तेव्हा बयनाबाईनं माझी एक बाजू त्याच्याकडे सरकवली.

तिसऱ्या दिवशी सूर्य वर आला. माती जशीच्या तशी होती.

"नाही आले, वैनी," डोमाजी म्हणाला, आणि तोच हुंदके देऊन रडू लागला.

 बयनाबाई म्हणाली, "लिवलेलं त्या एकाचं होतं. ते खरं झालं. तो उठला मनून मालकही उठतीन, पण दिवस आपल्याले नाही सांगितला." तिनं मातीवर हात फिरवला. "मोठे दगड आण, डोमाजी. मले उचलत नाहीत."

त्यानं आणले. तिनं एकेक रचला.

पुढे राज्य गेलं, भाषेवरून प्रांत वाटले गेले. बयनाबाईचं माहेर मराठी मुलखात गेलं, ही कबर इकडे तेलुगू मुलखात राहिली. ती कबरीपाशीच राहिली आणि दर थंडीत डोमाजीला मला अंगावर घ्यायला लावत राहिली. आता दोघंही नाहीत.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा. कसरीनं मला भोकं पाडली आहेत. तुमच्यात वाटणी झाली, तर मला फाडू नका. धांडेही ओढू नका. माझ्याखाली दोन माणसं मावतात.