दोनचं वर्गमूळ संपेपर्यंत

अक्षतानं तातेराव सरांपुढं खडू धरला. सतरा वर्षं जी घटका डोक्यात घोळवली, ती आज समोर आली होती!

भोकरदनला गणिताच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला अक्षता, आणि शिकायला बसलेल्या चाळीस जणांत निवृत्तीला टेकलेले तातेराव सर. हसनाबादला नववीत ह्यांनीच तिला गणित शिकवलं होतं. शिकवलं म्हणायचं आपलं. चाचणीत प्रश्न होता, दोनचं वर्गमूळ १.४१४ आहे, चूक की बरोबर. पोरीनं चूक लिहिलं, शेजारी १.४१४ चा वर्गही करून दाखवला. १.९९९३९६ येतो, दोन येत नाही. दशांश संपतच नाहीत, म्हणाली. सरांनी लाल फुली मारली आणि तिला फळ्यापाशी उभं केलं.

"काढ मंग. संपलं की खाली बस."

संपतंय कशाचं! दोन-दोन शून्यं उतरवत, भाग देत पोर शाळा सुटेपर्यंत उभी. अकरा स्थळं काढली, पायांत गोळे आले. तिला न्यायला बाप आला, पुंजाराम, गवंड्याच्या हाताखाली राबणारा. सर त्याला म्हणाले, तुमच्या वस्तीतल्या पोरींना लई अक्कल फुटली, माफी मागायला लावा. अक्षता माफी मागेना, म्हणून बापानंच हात जोडले. सिमेंटनं फाटलेले ते हात ती जन्मात विसरणार नव्हती. सर ठार अडाणी आहेत, एवढीच तिची समजूत होती. त्या अडाणीपणाचा तमाशा तिला आज चाळीस जणांसमोर करायचा होता.

"दोनचं वर्गमूळ काढा, सर. संपलं की खाली बसा."

सरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. ओळख पटली तसा चेहरा उतरला. तरी फळ्याकडं वळले आणि काढायला लागले. १.४१४२१३... कुठं अडखळतात म्हणून अक्षता टपून बसली होती. गडी एकदाही चुकला नाही. नवव्या स्थळाला सरांनी खडू खाली केला.

"मॅडम, हे संपत न्हाई."

"कधी कळलं तुम्हाला?"

सर फळ्याकडंच बघत हळूच म्हणाले, "मला तवाबी माहीत होतं."

अक्षताच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे अडाणी नव्हता हा माणूस. पोरगी बरोबर आहे हे पक्कं ठाऊक असताना त्यानं तिच्या बापाला हात जोडू दिले होते.

बाहेर जेवणाची घंटा झाली. माणसं उठायला लागली, सरही खुर्चीकडं वळले. अक्षतानं ती खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि त्यांच्या हातात नवा खडू दिला.

"अजून संपलं न्हाई, सर."