तोंड सपाट करताना

मी मेणात बसवलेला एका गाठीचा तुकडा बोलतोय. नाक मुरडू नका. तुम्ही मला एका बाईच्या डोक्यातली घाण समजता आणि मीही तुम्हाला फारसं चांगलं समजत नाही, तेव्हा फिट्टंफाट.

माझा जन्म त्या बाईच्या नाकामागे, मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत झाला. तिला पीयूषिका म्हणतात. नाव अमृताचं, आणि जागा एवढी अडचणीची की जरा हातपाय पसरले की कुणाला तरी धक्का लागतोच. मी पसरलो. वाढणं हा माझा धर्म आहे, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

ती मुलांना पोहायला शिकवायची. काठावर उभं राहून एका नजरेत अख्खा तलाव टिपायची. मी वर सरकून तिच्या डोळ्यांच्या नसांवर रेललो आणि तिला दोन्ही कडांचं दिसेनासं झालं. समोरचं तेवढं दिसे. एके दिवशी तिच्या डाव्या बाजूला एक मुलगी गटांगळ्या खात होती आणि हिला पत्ताच नाही. कुणाच्या तरी वडिलांनी कपड्यांनिशी उडी मारली म्हणून निभावलं.

"अगं, हात लांब केला असता तर सापडली असती," ती घरी आल्यावर धाकट्या नणंदेला सांगत राहिली.

"वहिनी, आता मी ऐकायची नाही. उद्या डॉक्टर," नणंद म्हणाली.

मग मला नाकावाटे बाहेर काढलं. कापता कापता सर्जन मदतनिसाला म्हणाले, "बाजूच्या भिंतीतून आत घुसलीय. तिथलं राहू दे, रक्तवाहिनी आहे." आणि बाहेर जाऊन घरच्यांना म्हणाले, "गाठ सौम्य आहे." सगळ्यांनी हुश्श केलं. सौम्य! मी हाड पोखरलं होतं, माझे भाऊबंद आत ठाण मांडून बसले होते, आणि मी सौम्य! याचा अर्थ कर्करोग नाही, एवढाच. पण शब्द गोड लागला की पुढचं विचारायचं नाही, ही माणसांची जुनी खोड.

प्रयोगशाळेत मला औषधात मुरवलं, वितळलेल्या मेणात बुडवलं, गार करून ठोकळा केला आणि वर नंबर टाकला. माझे पातळ काप काढले, कोमट पाण्यावर तरंगवले, काचेवर घेतले आणि रंगवले. किती पेशी वाढायच्या तयारीत आहेत ते मोजायला दोन डॉक्टर बसले. एकाने गर्दीची जागा मोजली, दुसऱ्याने विरळ. एकाच्या हिशेबाने मी दांडगा, दुसऱ्याच्या हिशेबाने गरीब बिचारा. दोघे तासभर भांडले आणि शेवटी ज्याची खुर्ची मोठी त्याचा आकडा खरा ठरला.

त्यानंतर माझे खरे हाल सुरू झाले. कुठली गाठ भिंती फोडणार हे तिच्या रेणूंवरून आधीच ओळखायचं, असं खूळ सगळ्यांच्या डोक्यात शिरलं. त्या खुणांना ते मार्कर म्हणतात. कल्पना वाईट नव्हती, माणसं वाईट होती. एकीला भिंत विरघळवणारं प्रथिन हवं, दुसऱ्याला पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं. आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या महिन्यात, एकमेकांपासून लपवून! दुसऱ्याने आधी छापलं तर?

आता यातली मेख ऐका. ठोकळा कापायच्या यंत्रात नव्याने बसवला की तो आधीसारखा सरळ बसत नाही. त्याचं तोंड पुन्हा सपाट करावं लागतं, आणि तोवरचे सगळे काप केराच्या टोपलीत जातात. हव्या असलेल्या दोन कापांसाठी माझे कितीतरी वाया. सगळे एकदम आले असते तर एकदाच तोंड सपाट झालं असतं. पण एकत्र यायला मन मोठं लागतं आणि तिथे नुसत्या पदव्या मोठ्या. कापणारी बाईसुद्धा फोनवर जावेच्या कागाळ्या करत यंत्राचा दांडा फिरवत राहायची. मला वापरून संपवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यांनी मला सांडून संपवलं.

विभागप्रमुख मात्र परिषदा करून आले की फुगून यायचे. माझा तपकिरी रंगवलेला फोटो त्यांनी खोलीत फ्रेम करून लावला.

आणि एक दिवस प्रयोगशाळेच्या खिडकीशी ती आली. सोबत नणंद. माझे आत राहिलेले भाऊबंद वाढले होते आणि नजर पुन्हा आवळत चालली होती.

"माझ्या गाठीचा ठोकळा हवाय," ती म्हणाली. "त्याची एक चाचणी करायचीय. गोळ्या लागू पडतील असं निघालं तर ऑपरेशन टळेल. पुन्हा कापलं तर उरलेली नजरही जाईल म्हणतात."

मला खणातून काढून तिच्या हातात दिलं. तिने मला डोळ्यांसमोर धरलं. मेणात माझी एक चिंधी उरली होती.

"एवढंच?" नणंद म्हणाली.

प्रमुख स्वतः बाहेर आले. "एवढ्याशावर ती चाचणी होणार नाही. संशोधनाला वापरलं गेलं. तुमची संमती होती. तुमच्या या तुकड्यावर दोन मोठे लेख आलेत, अभिमान वाटला पाहिजे."

"मग त्यात लिहिलं असेल ना," ती म्हणाली, "मी आता काय करायचं ते?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की असेल. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "ते निष्कर्ष सर्वसाधारण असतात."

एवढी वर्षं मी माणसांना तुच्छ मानत आलो, पण इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

आता मी तिच्या पर्समध्ये आहे, दुसऱ्या एका दवाखान्यात, तिच्या खाटेशेजारच्या कपाटात. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. मघाशी ती नणंदेला म्हणाली, "अशी समोर बस. बाजूला नको. बघून घेऊ दे तुला." नणंद खुर्ची ओढून समोर बसली.

उद्या माझा एक भाऊबंद बाहेर येईल. त्यालाही मेणात बसवतील आणि तुमच्यापैकी कुणीतरी त्याचं तोंड सपाट करायला घेईल. माझं तुमच्याबद्दलचं मत बदलायचं नाही, तरी एवढं सांगतो. आधी तिच्यापुरते काप काढून बाजूला ठेवा. मग उरलेल्यावर खुशाल आपलं नाव काढा.