वासाची फेरी

झाकण पांढरं, त्यावर काळ्या शाईत लिहिलेला चार, आणि रोज बोटं घासून घासून चाराची शेपटी फिकी झालेली — लव्हर्नने ते फिरवलं, बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले. काही नाही. थंड हवा आत गेली, तेवढीच. मग पाचवी उघडली. पाचवी सगळ्यांत उग्र. नव्या माणसाला हुंगायला दिली की तो मान मागे झटकतो. लव्हर्ननेही झटकली. खोलीत कोणी नव्हतं, तरी झटकली. चौदा महिन्यांत मानेला सवयच लागली होती.

फेरीला निघण्याआधी नाक असं बाटल्यांवर लावून घ्यायचं असतं. मग कारखान्याच्या कुंपणाकडेने चालायचं, बारा ठिकाणी थांबायचं, हुंगायचं, आणि कितव्या बाटलीइतका वास आला तो आकडा कागदावर लिहायचा. काहीच आला नाही तर शून्य. रंगखात्यात दिवसाला नऊशे मोटारी रंगतात. रंग वाळताना त्यातलं पातळ द्रव्य उडतं, ती वाफ पंख्यांनी ओढून भट्टीत जाळतात, आणि धुराड्यातून नुसती गरम हवा निघते... निघायला हवी. रस्त्यापलीकडच्या वस्तीने दहा वर्षांपूर्वी भांडून ही फेरी मिळवली होती. तुमची यंत्रं तुमच्या बाजूने बोलणार, आम्हाला माणसाचं नाक हवं, असं तेव्हा भरलेल्या सभेत कोणीतरी उठून म्हणालं होतं. ते नाक लव्हर्न कोम्ब्जचं. एकोणीस वर्षं रंगाच्या फवाऱ्याच्या बंदुकीमागे उभं राहिलेलं नाक — डबा न बघता कुठला रंग उघडला ते सांगणारं. तेव्हा पोरं पैज लावत, आणि ती हरत नसे.

कधी गेलं ते तिला नक्की सांगता आलं नसतं. कळलं तो दिवस मात्र लख्ख आठवतो. आईच्या लोखंडी तव्यात मक्याची भाकर घरच्या ओव्हनमध्ये ठेवली होती, माहेरी केंटकीत ठेवायचे तशी, आणि शेजारच्या खोलीत ती घेवडा सोलत बसली होती. छताला लावलेला धुराचा भोंगा कर्कश ओरडायला लागला तेव्हा धूर दारातून आत आला होता. तवा काळाठिक्कर. ती त्या धुरात उभी राहिली आणि छाती भरून श्वास घेतला... मग आणखी एकदा. डॉक्टर म्हणाला, परत येईलच असं सांगता येत नाही. त्याने कारण विचारलं, तिने खांदे उडवले. कारण काय सांगायचं? रंगखात्यात तोंडावरच्या मुखवट्याच्या गाळण्या दर आठवड्याला बदलायच्या असत आणि आम्ही महिना काढायचो, कारण बदलायला गेलं की मोटारींची रांग थांबे, हे?

कोणाला सांगितलं नाही. गुडघे गेलेले, रंगखात्यात पुन्हा उभं राहणं नव्हतंच. फेरीचं काम गेलं तर घरी बसायचं, आणि घरी नवरा, व्हर्जिल, गेल्यापासून भिंतीच होत्या. शिवाय — आणि हे ती स्वतःला रोज सांगायची, अगदी जप केल्यासारखं — भट्टीला तापमापक आहे, त्याची रेघ चोवीस तास उमटते, खोटं बोलत नाही. माझ्या आकड्याने कोणाचं काय बिघडतंय?

सातव्या ठिकाणी कुंपणाच्या जाळीपलीकडे ऑगस्टा प्रुइट उभी होती. एकोणऐंशी वर्षांची, ताठ, घरच्या झग्यावर चर्चचा चांगला कोट चढवलेला. तिचं घर रस्ता ओलांडला की पहिलंच. गेल्या वर्षभरात वासाच्या तक्रारी तिच्या एकटीच्याच होत्या.

"अगं, थांब जरा. तुझीच वाट बघत होते."

"मॉर्निंग, मिस ऑगस्टा. बाहेर कशाला आलात एवढ्या गारठ्यात?"

"माफी मागायची होती तुझी."

लव्हर्नला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"व्हिनेटा आली होती टोलीडोहून. माझी मुलगी. तिने तुमच्या हापिसातून कागद मागवले, तुझ्या फेरीचे, सगळे. पुढ्यात ठेवले माझ्या. म्हणाली, मम्मा, बघ. ज्या ज्या दिवशी तू फोन केलास त्या त्या दिवशी शून्य आहे. त्या बाईचं कामच आहे वास घ्यायचं, ती खोटं कशाला लिहील?" ऑगस्टाने जाळीत बोटं अडकवली. "मी म्हटलं, ती पोरगी नाकासमोर चालणारी आहे. ऊन असो, बर्फ असो, चुकली नाही कधी. तिला नाही आला म्हणजे नव्हताच."

"मिस ऑगस्टा..."

"डॉक्टर म्हणतो, नसलेले वास येणं ही सुरुवात असते. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं. तिला भिंतीत माणसं दिसायची. तर गुरुवारी व्हिनेटा न्यायला येतेय. चांगली जागा आहे म्हणे, जेवायला घंटा वाजते. घंटेवर जेवायला मी काय गाय आहे?" ती हसली, पण हसू तोंडावर फार टिकलं नाही. "एक्केचाळीस वर्षं राहिले या घरात. पण एकटीने राहून शेगडी पेटती ठेवली तर जळून मरेन, शेजारी मरतील. व्हिनेटाचं खरं आहे."

लव्हर्नच्या डोळ्यांपुढे तो काळा तवा आला.

"कसला वास यायचा तुम्हाला?" तिने विचारलं. हा प्रश्न चौदा महिन्यांत तिने एकदाही विचारला नव्हता.

"पिकलेली केळी. फार पिकलेली, आणि त्यात नखांना लावायचं ते पॉलिश. हसू नकोस. सकाळी, तू फेरीला येतेस त्या सुमाराला." ऑगस्टाने मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या. "आत्तासुद्धा येतोय मला थोडासा. येतोय का गं तुला?"

केळी. शेवटच्या थराच्या, चकाकीच्या रंगातल्या पातळ द्रव्याचा वास — तो केळ्यांसारखाच येतो, आतल्या माणसांशिवाय कोणाला माहीत नसतं. रंगखात्यातल्या पहिल्या आठवड्यात तिला त्या वासाने भूक लागायची आणि बायका हसायच्या. ही म्हातारी उभ्या जन्मात कारखान्याच्या आत आलेली नाही. तिच्या डोक्यात केळी कुठून येणार?

"नाही," लव्हर्न म्हणाली. "मला नाही येत."

ते खरं होतं. आजवर लिहिलेल्या सगळ्या शून्यांपेक्षा ते अधिक खरं होतं, आणि तोंडातून पडताक्षणी त्याच्याइतकं खोटं ती कधी बोलली नव्हती. ऑगस्टाने मान हलवली, दोनदा. आशेने विचारणाऱ्याला नकार मिळाल्यावर हलते तशी नव्हे... हिशेब मिटल्यासारखी.

"बरं. मग डोक्यातच आहे." तिने जाळीतून बोटं सोडवली. "तुला उगाच त्रास दिला वर्षभर."

पाठमोरी ती रस्ता ओलांडून गेली, दोन्ही बाजूंना नीट बघून.

लव्हर्न सातव्याचा आकडा न लिहिता, उरलेली पाच ठिकाणं न करताच भट्टीकडे गेली. डेलबर्ट तिथे वीस वर्षं भट्टी सांभाळत होता. तिला पाहून त्याने टोपी काढली, रोजच्या थट्टेने.

"आली कंपनीची नाकवाली! काय म्हणतंय कुंपण?"

"भट्टीच्या झडपा कधी उघडून बघितल्या होत्या, डेलबर्ट?"

"मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. का? रेघ बघ की, चौदाशे ऐंशी, सरळ आहे."

"झडप गळत असेल तर रेघ वाकडी होईल?"

त्याने टोपी पुन्हा घातली. "नाही होणार. आतली आग तशीच राहणार ना. गळाली तर वाफ आगीला बगल देऊन सरळ धुराड्यात जाईल, रेघेला पत्ताही नाही लागायचा. धुराड्यातली हवा मोजायला माणसं येतात ती वर्षातून एकदा. पण मधे तू असतेस की. तुला वास नसता आला?"

"तू चल कुंपणापर्यंत. हुंगून बघ."

"मी? आज इतकी वर्षं इथे उभा आहे बाई, मला माझ्या जेवणाचा वास येत नाही." तो मोठ्याने हसला, मजेचं काही बोलल्यासारखा. किती सहज बोलला तो... मला हे असं हसत का नाही सांगता आलं, एकदाही?

साडेतीनला पाळी सुटली. कागद तिच्या पिशवीत होता, सहापर्यंत भरलेला, पुढे कोरा. गाडीत बसून तिने किल्ली लावली नाही. समोरच्या काचेतून ऑगस्टाचं घर दिसत होतं; पायरीवर पुठ्ठ्याची खोकी, एकात एक रचलेली, गुरुवारसाठी. जाऊन सांगायचं. चार वाक्यांचं काम. नोकरी जाईल — हा विचार आला, आणि तिला नवल वाटलं, त्याला आता धार नव्हती. पकडले जाण्याची भीती चौदा महिने पोटात होती, तिथे आता दुसरंच काहीतरी बसलं होतं. सकाळी, 'मग डोक्यातच आहे' असं ऑगस्टा म्हणाली तेव्हा आपल्याला हायसं वाटलं होतं. पापणी लवेल एवढंच. पण वाटलं होतं. आपला आकडा टिकावा म्हणून ती म्हातारी वेडी ठरलेली आपल्याला चालली असती... चालतच होती की.

आणि ऑगस्टा चिडली तर बरंच होईल. तिने दार आपटावं, शिव्या द्याव्यात, व्हिनेटाला बोलवावं. पण लव्हर्न तिला आता ओळखत होती. ती चिडणार नाही. ती आधी खुर्ची धरेल, मग पुन्हा विचारेल, "म्हणजे खरंच येत होता?" — आणि तिचा चेहरा उजळेल, गेलेलं आयुष्य परत हातात आल्यासारखा, आणि त्या आनंदात ती लव्हर्नचे हात धरून तिचे आभार मानेल. ते आभार ऐकून घ्यावे लागणार होते. लव्हर्नने गाडीचं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, आणि तशीच बसून राहिली, सवयीने खोल श्वास घेत.