न तरंगलेली गोळी

तंत्रज्ञ काकांच्या हातात एक आगकाडी होती आणि तिच्या टोकाला चिकटवलेला पापणीचा एक केस. सूक्ष्मदर्शकाखाली शिशाची गोळी उचलायला याहून चांगलं हत्यार त्या प्रयोगशाळेत कुणाकडे नव्हतं. चिमट्याने गोळी चेपायची, सुईने तिच्यावर ओरखडा उठायचा. केस नुसता टेकवला की ती गुपचूप चिकटून वर यायची. गोळी केवढी, तर डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढी.

"काका, श्वास घेताय ना?" शेजारच्या स्टुलावरून पीएचडी करणाऱ्या मुलीने विचारलं.

"रविवारी घेतो. आता बोलू नकोस."

मुलगी चार वर्षं या एका प्रयोगाच्या मागे होती. शिसं अतिशय थंड केलं की ते चुंबकाचा जोर आपल्या अंगात शिरू देत नाही. तारेच्या वेटोळ्यांमध्ये ठेवलेली गोळी मग कशालाही न टेकता अधांतरी तरंगते. बाहेरच्या जगाचा धक्का न लागणारी अशी वस्तू हाती आली, की अणूंचे विचित्र नियम तिलाही लागू पडतात का, हे तपासता येतं. मुलीला एवढंच तपासायचं होतं. त्यासाठी मोठा फ्रिज तिला तीन आठवडे मिळाला होता. त्यानंतर दुसऱ्या गटाची पाळी, आणि तिचा नंबर पुन्हा लागायचा तो दीड वर्षाने. तोवर प्रबंधाची मुदत उलटून गेली असती.

गोळी वेटोळ्यांमधल्या खळग्यात बसली. फ्रिजचं झाकण लागलं, पंप घरघरू लागले. मुलगी टाळी वाजवून बाहेर पळाली.

आगकाडी डबीत ठेवण्याआधी काकांनी ती सवयीने भिंगाखाली धरली. केस आखूड दिसत होता. टोकाचा तुकडा गेला होता.

तो केस त्यांच्या बायकोचा. तिच्या पापण्या लांब होत्या. गळलेला केस ती कागदाच्या पुडीत जपून ठेवायची आणि म्हणायची, "बाकीच्या नवऱ्यांना डबा देतात, आमच्या ह्यांना पापण्या!" हे साऱ्या प्रयोगशाळेला ठाऊक होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. पुडीतला हा शेवटचा. केस दर वेळी स्पिरिटने धुवायचा आणि महिन्याने टाकून द्यायचा, हा नियम काकांनीच घालून दिलेला. तो मोडला म्हणून त्यांनी कितीतरी जणांना झापलं होतं. हा केस मात्र त्यांनी टाकला नव्हता. डिंक सुटेल या भीतीने धुतलाही नव्हता.

तेव्हाच "थांब" म्हटलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण मग सगळं सांगावं लागलं असतं, तेही चारचौघांत. तुकडा टेबलावर पडला असेल, असं त्यांनी मनाला बजावलं. टेबल दोनदा पाहिलं. तुकडा सापडला नाही.

चार दिवसांनी फ्रिज पुरेसा थंड झाला. मुलीने तारेतला प्रवाह वाढवला. गोळी उचलली जाऊन झुलायला लागली, की पडद्यावरच्या रेषेला उंच टोक यायला हवं. रेषा सपाट. तिने प्रवाह आणखी वाढवला. याहून वाढवला असता तर शिशाचा गुणच गेला असता. रेषा सपाटच.

"माझंच गणित कुठेतरी माती खातंय," ती म्हणाली.

काका तिच्यासाठी चहा घेऊन आले.

ती रोज गणित पुन्हा मांडायची. फोनवर आईला म्हणायची, "अगं, एक वेळ जेवले नाही म्हणून मरत नाही मी." टेबलावर खोडलेल्या कागदांचा ढीग वाढत गेला. काका चहा आणत राहिले. चहा ठेवताना रोज तोंड उघडायचे आणि "साखर कमी आहे" असं काहीतरी बोलून परत जायचे.

अठराव्या दिवशी तिने पेन खाली ठेवलं. "काका, मला वाटतं मला हे येतच नाही. चार वर्षं उगाच जागा अडवली."

काकांना ते ऐकवेना. "तुझं गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "केसाचं टोक तुटलंय. खळग्यात पडलं असणार. गोळी त्याला चिकटली असेल."

तिने स्टूल त्यांच्याकडे वळवलं. "कधी कळलं?"

आज, असं म्हणता आलं असतं.

"झाकण लावलं त्याच दिवशी."

फ्रिज उघडण्याजोगा व्हायला तीन दिवस, पुन्हा थंड व्हायला चार. हाती उरले होते तीन. तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. "मागच्या आठवड्यात सांगितलं असतंत तरी जमलं असतं, काका."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

तिच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी फ्रिज उघडला. भिंगाखाली खळगा स्पष्ट दिसला: गोळी, आणि तिच्याखाली काळा, किंचित वळलेला तुकडा.

"काकूंचा?"

"हो."

ती बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती. मग तिने नोंदवहीत लिहिलं: "गोळी उचलली गेली नाही. कारण: खळग्यात केसाचा तुकडा." कुणाचा, कसा, काही नाही.

काकांनी वही ओढून घेतली आणि खाली लिहिलं, "गोळी ठेवणाऱ्याला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." सही केली.

"हे लिहायची गरज नव्हती."

"होती. उद्या कुणी वही उघडेल आणि तुझं गणित चुकलं म्हणेल."

तिने वाचलं, मान हलवली आणि कागद पिशवीत भरले. दाराशी पुढचा गट आपली खोकी घेऊन उभा होता. तिने त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं आणि ते आत आल्यावर जिना उतरून गेली.

"काका, आमची गोळी सोमवारी ठेवाल ना?" त्यातल्या एकाने विचारलं.

काका जिन्याकडे कान लावून उभे होते. पावलं ऐकू येईनाशी झाली.

"मी नाही," ते म्हणाले. "पण कशी ठेवायची ते शिकवतो. आधी केस धुवायला शिका."